मत आणि अनुमोदना

जपाच्या माळेत मणी १०८ का, हे आपल्यापैकी बहुतेकींना पाठशाळेतच सांगितलेलं असतं. पाप करण्याचे प्रकार १०८, म्हणून मणी १०८. हिशेबही तोंडपाठ असतो. संरंभ, समारंभ, आरंभ, म्हणजे मनात आणणं, तयारी करणं आणि करायला लागणं, हे तीन. मन, वचन, काया हे तीन. कृत, कारित, अनुमत हे तीन. आणि क्रोध, मान, माया, लोभ हे चार. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस, सत्तावीस चोक एकशे आठ. लहानपणी हे सगळं पाढ्यासारखं म्हटलं जातं. वय वाढतं तसा त्यातला 'अनुमत' हा शब्द जड व्हायला लागतो.

स्वतः केलं ते कळतं. दुसऱ्याकडून करवलं तेही कळतं. कामवालीला ढेकूण मारायला सांगून आपण बाहेर ओट्यावर जाऊन बसलो, तर ते कुणाच्या खात्यात जातं, हे सांगायला पंडितजी लागत नाहीत. पण अनुमोदना ही फार बारीक गोष्ट. शेजारणीने तिच्या घरात मुंग्यांची पावडर टाकली आणि आपल्या भिंतीवरची रांगही नाहीशी झाली, तेव्हा तोंडाने आपण "अगंबाई!" म्हणतो आणि मनात जे हायसं वाटतं ना, ती अनुमोदना. तिला साक्षीदार नसतो.

आता प्रश्न असा, की मत देणं या तीन घरांपैकी कुठल्या घरात बसतं? आपल्या आचार्यांनी हा विचार केलेला नाही, कारण त्यांच्या काळी राजा होता, मतपेटी नव्हती. आपल्याकडच्या निवडणुकीत तर हा प्रश्न टाळताही येतो. आपण माणूस निवडतो. पुढे त्याने काय दिवे लावले ते त्याचं त्याच्यापाशी. पण मतपत्रिकेवर माणसाचं नाव नसून सरळ प्रश्नच छापलेला असेल तर? गांजा कायदेशीर करून त्यावर कर लावावा का? होय किंवा नाही. तिथे 'माझा काय संबंध' म्हणायला जागा उरत नाही.

असा प्रश्न माझ्या भाचीसमोर आला, २०१६च्या नोव्हेंबरात. ती कॅलिफोर्नियात असते, तेव्हा नुकतीच तिकडची नागरिक झाली होती आणि तिचं ते पहिलं मतदान. तिकडे मतपत्रिका पोस्टाने घरी येते. त्यावर राष्ट्राध्यक्षांच्या नावांखेरीज राज्यापुढचे सतरा प्रश्न होते. फाशीची शिक्षा रद्द करायची का, प्लास्टिकच्या पिशव्यांवरची बंदी ठेवायची का, आणि चौसष्टाव्या क्रमांकाचा प्रश्न गांजाचा. तिच्या ओळखीच्या, जैन सेंटरमध्ये नेहमी भेटणाऱ्या एका काकांनी तिला सांगितलं, की तू 'होय'वर खूण केलीस, तर राज्यात जो जो कुणी गांजा ओढील त्याच्या कर्मात तुझा वाटा. पोरगी घाबरली. फोनवर म्हणाली, "मावशी, मी कांदासुद्धा चतुर्मासात खात नाही, आणि हे काय माझ्या गळ्यात आलं?"

मी बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं होतं, एवढ्या भांडवलावर मला घरात सगळे असले प्रश्न विचारतात. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात आहे. माझं मत 'होय'च्या बाजूचं आहे. ते का, आणि कुठपर्यंत, तेवढंच इथे लिहिते. आमच्या स्वाध्याय मंडळातल्या निम्म्या जणींना ते पटलेलं नाही, हेही आधीच सांगून टाकते.

आधी एक गोष्ट साफ करू. गांजाला चांगलं म्हणणं हा माझा मुद्दा नाही. आजकालची मुलं चावटपणाने विचारतात, "काकू, भांग तर पाला आहे, शाकाहारी आहे, मग काय हरकत?" मद्य वर्ज्य का, याची आपल्या शास्त्रात दोन कारणं आहेत. एक, त्यात असंख्य जीव उत्पन्न होतात आणि मरतात. ते कारण पाल्याला लागू नसेलही. पण दुसरं कारण आहे, आणि ते मला नेहमी पहिल्यापेक्षा मोठं वाटत आलं आहे: मद्य मनाला मोहित करतं, मोहित मन धर्म विसरतं, आणि विसरलेलं मन बेधडक हिंसा करतं. हे कारण बाटलीला जेवढं लागू तेवढंच चिलमीला. शिवाय आजचा गांजा आजोबांच्या काळातल्या बैराग्याचा राहिलेला नाही. निवडून निवडून त्यातलं नशेचं द्रव्य वाढवलेलं आहे. कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्यांना मनाचे गंभीर आजार जडण्याचा धोका वाढतो, हे डॉक्टर सांगतात. कोलोरॅडोत तर गांजा घातलेल्या गोळ्या-चॉकलेटं घरात पडलेली पाहून लहान मुलांनी खाल्ल्याचे प्रकार वाढले, आणि मग वेष्टनांवर खुणा छापायचे नियम करावे लागले. हे सगळं मान्य करूनच पुढे जायचं आहे.

तर मग 'होय' कशासाठी? त्यासाठी 'नाही' म्हणजे काय, ते पाहावं लागतं. काकांनी भाचीला अर्धाच हिशेब सांगितला होता. 'होय' म्हटलंस तर ओढणाऱ्याची अनुमोदना. बरं. आणि 'नाही' म्हटलं तर कशाची?

अमेरिकेत १९७०च्या कायद्याने गांजा सगळ्यात कडक बंदीच्या यादीत गेला. खुद्द राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या काळात नेमलेल्या आयोगाने १९७२ साली सांगितलं, की जवळ थोडा गांजा बाळगला म्हणून माणसाला गुन्हेगार ठरवू नका. ते कुणी ऐकलं नाही. पुढची चाळीस वर्षं लाखोंनी माणसं पकडली गेली, त्यातली बहुतेक विकणारी नव्हेत, नुसती बाळगणारी. २०१३ साली तिथल्या नागरी हक्कांच्या एका मोठ्या संघटनेने देशभरचे आकडे मांडले. गोरे आणि काळे, गांजा ओढण्याचं प्रमाण दोघांत साधारण सारखंच. पण त्यासाठी अटक होण्याची शक्यता काळ्या माणसाची गोऱ्याच्या जवळजवळ पावणेचार पट. एकदा अटक झाली की ती नोंद माणसाला चिकटते. नोकरी, भाड्याचं घर, शिक्षणासाठीची मदत, सगळीकडे ती आधी जाऊन बसते.

आता आपल्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आठवा. बांधणं, मारणं, अवयव छेदणं, शक्तीबाहेर ओझं लादणं, अन्नपाणी तोडणं. पाचांतला पहिला कोणता? बंध. आपण तो गाई-म्हशींच्या दाव्यापुरता समजतो. प्रवचनातही उदाहरण गोठ्याचंच येतं. पण जिवंत माणसाला कोंडून ठेवणं हा बंध नव्हे, तर काय? विद्यार्थ्याच्या खिशात चिमूटभर पाला सापडला म्हणून त्याला कोठडीत घालायचं, आणि त्या कायद्याला मी मत द्यायचं, तर त्या बंधाची अनुमोदना माझ्या खात्यात येत नाही का? काकांच्या वहीत ती रकानाच नव्हता.

इथे आमच्या मंडळातल्या एक वहिनी लगेच म्हणाल्या, "असं म्हटलं तर चोरालाही सोडावं लागेल." तसं नाही. गृहस्थाला विरोधी हिंसा पूर्ण वर्ज्य केलेली नाही. जो दुसऱ्यावर चालून येतो, त्याला अडवावं लागतं, राज्याला दंडही करावा लागतो. आपल्या पुराणांतले राजे श्रावक होते आणि त्यांच्याकडे कारागृहंही होती. पण तिथे दुसरा कुणीतरी असतो, ज्याचं नुकसान होतंय. जो स्वतःच्या खोलीत बसून स्वतःचीच बुद्धी मळवतो, त्याच्यावर दया येईल, राग येईल, त्याच्या आईचे हाल बघवणार नाहीत. पण त्याच्यासाठी बेडी? गांजा ओढून गाडी चालवली, तर ती वेगळी गोष्ट झाली, आणि तो गुन्हा या कायदेशीर केलेल्या राज्यांतही गुन्हाच आहे.

म्हणजे पाटी कोरी ठेवून मतपत्रिका परत करता येत नाही. 'होय'मध्ये एक अनुमोदना आहे, 'नाही'मध्ये दुसरी आहे, आणि घरी बसलं तर जे चाललंय त्याची. मग कमी कशात, ते तोलायचं. आपल्याकडे लोक अशा ठिकाणी चटकन अनेकांतवाद पुढे करतात, म्हणजे हेही खरं आणि तेही खरं, चला जेवायला. अनेकांत म्हणजे निर्णय टाळण्याची सोय, असं कुठल्याच आचार्यांनी म्हटलेलं नाही.

आणखी एक दाखला आहे, तो मला फार आधार देतो. श्रावकाच्या अकरा प्रतिमांमध्ये अनुमतित्याग ही दहावी आहे. दहावी! संसारातल्या आरंभाला, परिग्रहाला, लग्नकार्याला मनाने संमतीसुद्धा द्यायची नाही, ही पायरी जवळजवळ घर सोडण्याच्या उंबरठ्यावर येते. त्याचा सरळ अर्थ असा, की त्याच्या खालच्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या आपण रोज कशाकशाला संमती देतच जगतो, आणि हे शास्त्राला ठाऊक आहे. सैन्याला पगार आपल्या करातून जातो. म्हणून काही आपण कर चुकवत नाही (निदान त्या कारणासाठी तरी नाही).

भाचीने शेवटी 'होय' केलं. त्या दिवशी कॅलिफोर्नियात शंभरातल्या सत्तावन्न मतदारांनी तेच केलं. आणि त्याच मतपत्रिकेवरची फाशी मात्र लोकांनी कायम ठेवली! मला वाटलं होतं, ज्यांना एका ठिकाणी दया सुचते त्यांना दुसरीकडेही सुचेल. तसं काही नसतं. पिशव्यांवरची बंदी टिकली, एवढं त्यातल्या त्यात बरं.

हा निकाल एका दिवसात आलेला नाही, हे सांगायला हवं. त्याच राज्यात १९९६ साली औषध म्हणून गांजा लोकांच्या मताने मान्य झाला. २०१० साली सगळ्यांसाठी मोकळा करायचा प्रस्ताव आला, तो पडला. २०१२च्या नोव्हेंबरात कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या दोन राज्यांत तसाच प्रस्ताव पंचावन्न टक्क्यांच्या आसपास मतांनी पास झाला. त्याच दिवशी शेजारच्या ओरेगॉनने नाही म्हटलं आणि दोन वर्षांनी होय म्हटलं. अलीकडे २०२४ साली फ्लोरिडात निम्म्याहून बऱ्याच जास्त लोकांनी होय म्हटलं तरी प्रस्ताव पडला, कारण तिथे साठ टक्के लागतात. देशाच्या कायद्यात मात्र हे सगळं व्हायच्या आधी गांजा बंद होता आणि राज्याराज्यांत मोकळा झाल्यावरही तो बंदच राहिला. एकाच रस्त्यावर एका सरकारचं दुकान आणि दुसऱ्या सरकारचा गुन्हा. आपण हसू नये. आपलं पुढे येतंच आहे.

लोकांनी मत देऊन ठरवलं, याला मी एवढं महत्त्व का देते? कारण व्रत आणि कायदा यांतला फरक त्या बायाबापड्यांना मतपत्रिका हातात घेतल्यावर विचारावा लागला. आपली मुनिमहाराजांसमोर घेतलेली व्रतं बघा. "घेशील का?" असं विचारतात, आपण हात जोडतो, मग ते व्रत देतात. जबरदस्तीने दिलेलं व्रत हे व्रतच नाही. दारावर शिपाई उभा आहे म्हणून मी दारू पीत नसेन, तर त्यात माझा त्याग कुठला? शिपाई जेवायला गेला की संपलं. राज्याने दुकानाला कुंपण घालावं, मुलांना दूर ठेवावं, पुड्यावर काय लिहिलंय ते तपासावं. आतल्या माणसाचा त्याग राज्याने करायचा नाही. तो त्याला करता येत नाही.

आता आपल्याकडे या. मी इंदूरमध्ये राहते. आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर भांगेचं सरकारी परवान्याचं दुकान आहे. दुकानावर पाटी आहे, ठेका लिलावात जातो, पैसा सरकारी तिजोरीत जमा होतो. महाशिवरात्रीला आणि होळीला तिथे रांग लागते; शेजारी उज्जैनला महाकालाचा शृंगार भांगेने होतो. आणि त्याच झाडाचा शेंडा, म्हणजे फुलाचा तुरा, खिशात सापडला तर तुरुंग. कारण आपल्या १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे फुलांचे किंवा फळांचे शेंडे. शेंड्याशिवायची पानं आणि बिया त्यातून वगळलेल्या. पान परवान्याचं, फूल गुन्ह्याचं. एकाच झाडाची ही विभागणी पाहून मला कंदमुळांचं आठवतं. आपण निदान त्याचं कारण सांगू शकतो.

इथे आपल्याला कुणी मत विचारलं नाही. १९६१ साली जगातल्या देशांचा करार झाला, त्यात गांजाचा वापर पंचवीस वर्षांत बंद करण्याचं ठरलं, ती मुदत भरत आली तेव्हा कायदा झाला. त्याच्या नव्वद वर्षं आधी इंग्रज सरकारने मात्र विचारलं होतं. १८९३-९४ साली भांग-गांजाची चौकशी करायला सात जणांचा आयोग नेमला, त्यात तीन हिंदी सभासद होते. गावोगाव फिरून त्यांनी हजारावर साक्षी घेतल्या. डॉक्टर, मिशनरी, शेतकरी, बैरागी, वेड्यांच्या इस्पितळांचे अधिकारी. विलायतेतल्या दारूबंदीवाल्यांना वाटत होतं, आयोग बंदी सांगेल. आयोगाने सांगितलं, की बेताच्या सेवनाने विशेष अपाय दिसत नाही, अति सेवनाने होतो. पूर्ण बंदीची गरज नाही आणि ती शहाणपणाचीही नाही. परवाने द्या, पुरेसा कर लावा, दुकानं मोजकी ठेवा. कोलोरॅडोने २०१२ साली जे ठरवलं ते जवळजवळ हेच. मात्र इंग्रजाला त्यात महसूलही दिसत होता, हे विसरून आयोगाची आरती ओवाळायचं कारण नाही.

महसूल. इथे मी अडखळते, आणि 'कायदेशीर करा' याच्या पुढचं 'आणि कर लावा' हे मला तितक्या सहज म्हणवत नाही.

माझं माहेर निपाणीचं. म्हणजे तंबाखूचं. आमचे आप्पा एका वखारीत दिवाणजी होते. आयुष्यात सुपारीसुद्धा न खाल्लेला माणूस, रात्री सूर्यास्तानंतर पाणी नाही, आणि दिवसभर विडीच्या तंबाखूच्या पोत्यांचे हिशेब. वखारीत बायका तोंडाला पदर बांधून तंबाखू चाळायच्या, तरी ठसका राहायचाच. संध्याकाळी त्या घरी निघाल्या की सगळ्या गल्लीला तो वास. आपल्या समाजातल्या किती घरांचा वाडा, किती मुलांची शिक्षणं त्या वासावर झाली, हे निपाणीच्या मुलीला सांगायला नको. श्रावकाने विषाचा व्यापार करू नये, असं शास्त्रात स्पष्ट आहे. तंबाखू विषात धरायची नाही, हे कुणी कधी ठरवलं कोण जाणे. तिला पीक म्हणत असत. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांचं मोठं आंदोलन झालं, महामार्ग अडला, गोळीबारात माणसं मेली. मी तेव्हा शाळेत होते. त्या वेळी प्रत्येकाच्या तोंडी भावाचा प्रश्न होता. ओढणाऱ्याच्या छातीचा विषय त्यात कुणालाच आठवला नाही, आणि ज्यांचं पोट त्यावर होतं त्यांच्याकडून ती अपेक्षा करणंही बरोबर नव्हतं.

सासर माळव्यातलं, म्हणजे अफूचं. नीमच, मंदसौरकडे आजही सरकारी परवान्याने अफू पिकते, ग्वाल्हेरच्या केंद्रीय कचेरीतून परवाने निघतात, चीक सरकारच विकत घेतं आणि त्यातून दुखणं थांबवणारी औषधं होतात. ही व्यवस्था मला चांगली वाटते. अफूसारखं अवघड पीक परवान्याने सांभाळता येतं, तर गांजा का येणार नाही, असं मी मंडळात विचारते तेव्हा उत्तर मिळत नाही. पण जुन्या काळी हीच माळव्याची अफू पेट्या भरभरून चीनला गेली, आणि त्यात आपल्या लोकांचे हात होते. इंदूरचं काचमंदिर पाहून माहेरची पाहुणी मंडळी थक्क होतात. ते बांधणाऱ्या शेठ हुकुमचंदांची संपत्ती कापूस आणि अफूच्या सौद्यांतून उभी राहिली, हे काही कुणी लपवलेलं नाही.

तर पैसा असा असतो. कोलोरॅडोत घटनेचाच नियम आहे, की नवा कर लावायचा तर पुन्हा लोकांना विचारावं लागतं. म्हणून २०१३ साली दुसरं मतदान झालं. घाऊक मालावर पंधरा टक्के, किरकोळ विक्रीवर खास दहा टक्के; आणि पहिल्या वर्षापासून ठरलेलं, की घाऊक करातले पहिले चार कोटी डॉलर शाळांच्या इमारतींना. जानेवारी २०१४मध्ये दुकानं उघडली. २०२१ साली त्या एका राज्याला यातून वर्षाला चाळीस कोटी डॉलरच्या वर मिळाले. पुढे उत्पन्न उतरत गेलं. आता उतरलं म्हणजे काय? लोक कमी ओढायला लागले असतील तर आनंद मानायचा, की शाळेचं छप्पर अडलं म्हणून हळहळायचं? ज्या सरकारला माझ्या मुलाच्या व्यसनातून शाळा बांधायची आहे, ते त्याला व्यसन सोड म्हणून कितीशा जोराने सांगेल? दारूच्या महसुलाच्या बाबतीत आपण हे रोज पाहतो. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली दारूबंदी झाली, २०२१ साली उठली. चोरटी दारू वाढली, हे कारण पुढे आलं आणि ते खोटं नव्हतं. पण महसुलाची चर्चा तेव्हाही चालू होतीच.

उलट कर नसला तर माल स्वस्त, आणि स्वस्त माल म्हणजे पोरांच्या हातात. फार चढवला तर चोरटा बाजार परत येतो. कॅलिफोर्नियात तो आहेच. म्हणून कर हवा, पण तो औषधाच्या मात्रेसारखा. आणि त्याचा पैसा शाळेसारख्या रोजच्या गरजेला बांधू नये असं मला वाटतं. व्यसनातून बाहेर काढणाऱ्या केंद्रांना द्या, ज्यांचे जुने गुन्हे पुसायचे राहिलेत त्यांच्या वकिलाला द्या. म्हणजे उत्पन्न आटलं, तर ज्या कामासाठी ते होतं ते कामही थोडं आटलेलं असेल. कॅलिफोर्नियाच्या प्रस्तावात जुन्या शिक्षा कमी करून घेण्याची सोय होती आणि कराचा एक हिस्सा तरुणांच्या उपचारांकडे जायचा होता. भाचीने 'होय' केलं ते त्या कलमांवर बोट ठेवून.

आता राहिल्या महाराष्ट्रातल्या आपल्या बहिणी. मला कुणीतरी हमखास विचारतं, की तिकडच्या बायका आडव्या बाटलीला मत देतात, आणि तुम्ही उभ्या चिलमीला? निपाणीच्या पलीकडे, कागल तालुक्यात माझ्या नात्यातल्या एका बाईंनी असं मतदान केलेलं आहे. नियम असा, की गावातल्या पाव हिस्सा बायकांनी अर्ज केला की मतदान होतं, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तरच दुकान बंद. आलेल्यांतल्या निम्म्या नव्हे, यादीतल्या निम्म्या. म्हणजे जी मेली, जी लग्न होऊन गेली, जिला नवऱ्याने घरातून निघू दिलं नाही, ती प्रत्येक बाई दारूच्या बाजूने मोजली जाते. तरीही कितीतरी गावांनी ते करून दाखवलं.

मी त्या गावात असते तर आडव्या बाटलीलाच मत दिलं असतं, आणि त्यात मला विसंगती दिसत नाही. त्या बायकांनी दुकान हटवलं. पिणाऱ्याला तुरुंगात घाला असं मागितलं नाही. तो त्यांचाच नवरा आहे, तो तुरुंगात गेला तर चूल कशी पेटायची? कॅलिफोर्नियाच्या कायद्यातही गावाला आपल्या हद्दीत दुकान नको म्हणायची मुभा आहे. भाचीच्या गावाने तसं म्हटलं, आणि राज्याच्या प्रश्नावर 'होय' म्हणणाऱ्या भाचीने नगरपालिकेच्या त्या अर्जावर सहीसुद्धा केली. काकांना वाटलं पोरगी सुधारली. तिने समजावायचा प्रयत्न केला, ते म्हणाले, "तुमच्या मावशीने तुम्हाला बिघडवलंय."

फरक एवढाच दुखतो, की आपल्या बायकांना मत मिळालं ते मार खाल्ल्यावर मिळालं. दुकान उघडताना कुणी त्यांना विचारलेलं नव्हतं. कोलोरॅडोत उघडण्याआधी विचारलं. आपल्याकडे उद्या गांजाचा कायदा सैल झाला, आणि तशी मागणी अधूनमधून होतेच, तर तो दिल्लीत किंवा भोपाळला होईल, आणि आपल्याला कळेल तेव्हा ठेक्याचा लिलाव लागलेला असेल. पहिल्या दिवसापासून गल्लीतल्या बायकांना विचारा, ही मागणी मात्र आपण आत्ताच करून ठेवायला हवी. दुकानं उघडल्यावर सह्या गोळा करायला फार उशीर होतो.

परवा मंडळात चर्चा याच्यापुढे गेली. एकीने विचारलं, तिकडे असं दुकान चालवणाऱ्या कुणी श्रावकाने मंदिराला देणगी दिली, तर घ्यायची का? दहा जणींनी एका सुरात नाही म्हटलं. मग एक म्हातारी काकू, ज्या एरवी फारसं बोलत नाहीत, त्यांनी विचारलं, "मग काचमंदिरात जायचं की नाही?" कुणी काही बोललं नाही. माझ्या डोळ्यांसमोर आप्पांची वही आली, आणि दर पर्युषणात वखारीच्या मालकांकडून येणारी बोलीची रक्कम, जी आप्पाच मंदिराच्या खात्यात जमा करून यायचे. विषय पुढच्या चौदसला घ्यायचा ठरलं आहे.